समोरून येणारा मुराळी

नळाला पाणी आलं, की मला व्यंकटराव टाकीवाले आठवतात. लातुरात पाणी येण्याचा दिवस सणासारखाच असतो. गल्लीत मोटारी सुरू होतात, हंडे-बादल्या बाहेर पडतात, पाइपवरून कुणाची तरी कुणाशी जुंपते, आणि त्या सगळ्या गोंधळात माझ्या कानात खर्जातला एक आवाज येतो, "पानी आलतं का?"

हा त्यांचा नमस्कार होता. लोक भेटल्यावर 'कसं काय' म्हणतात, 'जेवण झालं का' म्हणतात. व्यंकटराव पाण्याचं विचारायचे. समोर साहेब असो की रसवंतीवाला, प्रश्न तोच. 'हो, काल आलतं' असं उत्तर मिळालं तरच ते त्या घरी पाणी मागायचे, आणि तेही अर्धा पेला. कुणी आग्रहानं पेला भरून दिलाच तर उरलेलं पाणी बाहेर नेऊन तुळशीला किंवा जे काही हिरवं दिसेल त्याला घालायचे. स्वतःच्या मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीच्या बापालाही त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं होतं म्हणे. मुलीचं नाव-शिक्षण सगळं चहाच्या वेळी निघालं. आता ते नाहीत, आणि आमच्या घरी पाणी आलं तरी विचारणारं कुणी नाही.

औसा रोडला त्यांचं वर्कशॉप होतं. पाण्याचे टँकर, ट्रॅक्टरच्या मागं लावायच्या टाक्या, लग्नकार्यात भाड्यानं नेतात त्या चाकावरच्या टाक्या, हे त्यांचं काम. पाऊस नीट झाला की वर्कशॉप ओस पडायचं, आणि दुष्काळ पडला की दारात रांग लागायची. बाजार उठलेला असताना आपला धंदा बसल्या जागी वाढतो याची त्यांना थोडी लाज वाटायची. पण एखाद्या गावात आपला टँकर शिरताना पाहिला की मिशीवरून हातही फिरायचा. माणूस आडव्या अंगाचा, पांढऱ्या पायजमा-शर्टातला, खांद्यावर दस्ती. ती दस्ती घाम पुसायला, टाकीचा पत्रा पुसायला आणि भांडण लागलं तर खांद्यावरून काढून झटकायला, अशी तिन्ही कामं करायची.

मी त्यांच्या आयुष्यात आले ती सरकारी कामानं. गोदावरीवरच्या एका धरणाच्या फुगवट्यावर आमच्या खात्याला वाहनं नेणारा एक नवा तराफा चालवायचा होता. धरण झाल्यापासून दोन्ही काठांच्या गावांचा एकमेकांशी संबंध तुटला होता. समोर दिसणाऱ्या गावाला जायचं तर अख्खा तालुका वळसा घालून जावं लागे. लहान होड्या चालायच्या, पण त्यातून माणसं आणि फार तर एखादी शेळी जायची. आता जीप, ट्रॅक्टर, रुग्णवाहिका पलीकडे जाणार होत्या. असे तराफे कोकणात बनतात, पण एवढा मोठा तराफा तिथून रस्त्यानं आणणं शक्य नव्हतं. म्हणून त्याचे भाग इथंच बनवायचे आणि काठावर नेऊन जोडायचे असं ठरलं. लोखंडाचा पत्रा वाकवून पाणी न गळणारी वस्तू करणारे या भागात कोण, अशी चौकशी झाली, आणि सगळी बोटं औसा रोडकडे वळली.

मी तेव्हा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडून खात्यात लागले होते. नकाशा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. व्यंकटरावांनी आधी पाण्याचं विचारलं, मग नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला.

"ही तर टाकीच हाय की," ते म्हणाले.

"मामा, हा तराफा आहे. नाव."

"टाकीत पानी आत असतंय, हिच्यात भाईर. येवडाच फरक ना?"

मी म्हटलं, "एवढाच." तांत्रिकदृष्ट्या ते खरंही होतं. पुढं या 'एवढाच'नं आमचा उन्हाळा खाल्ला. व्यंकटरावांची एक अडचण होती. बरोबर असले काय नि चुकीचे असले काय, त्यांचा आवाज एकाच पट्टीत लागायचा. त्यामुळं कुठल्या वेळी ऐकायचं आणि कुठल्या वेळी भांडायचं, हे मला माझ्या हिशेबानं ठरवावं लागे. मी भांडले की मी 'म्याडम' व्हायचे. पटलं की 'माय' व्हायचे. दिवसभरात या दोन पदांवर माझ्या बऱ्याच बदल्या होत.

त्यांना प्रत्येक वस्तूवर बोटाच्या पेरानं टकटक करायची सवय होती. पत्र्यावर टकटक करायचे, मान तिरकी करून ऐकायचे, आणि 'हितं पातळ हाय' म्हणून खडूनं फुली मारायचे. पत्र्यापुरतं ठीक होतं. पण ते कलिंगडावर, हॉटेलच्या टेबलावर, एसटीच्या दारावर आणि एकदा माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटवरही टकटक करून गेले. "आवाज घट्ट हाय," असा शेराही मारला. तो मी कौतुक म्हणून घेतला.

नकाशातली इंग्रजी नावं त्यांना चालायची नाहीत. चालायची नाहीत म्हणजे समजायची नाहीत असं नाही, समजायची सगळी. पण ज्याचं नाव तोंडात नीट बसत नाही ते हातात कसं बसेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गाड्या उभ्या करायची वरची मोकळी जागा झाली 'अंगण'. तळातले बंद कप्पे झाले 'खण'. आणि काठाला टेकवायची, गाडी जिच्यावरून आत येणार ती पुढची फळी झाली 'उंबरा'. सुरुवातीला मी दुरुस्त करायची. महिनाभरात आमचे उपअभियंता साहेब मला फोनवर विचारू लागले, "उंबऱ्याचे बिजागर आले का?" तेव्हा मी नाद सोडला.

भाग तयार झाले, ट्रेलरवर चढले, अहमदपूर, लोहा करत नदीकाठी आले. उन्हाळा होता. पाणी खूप खाली गेलं होतं, आणि काठावरच्या कोरड्या उतारावर जोडणी सुरू झाली. व्यंकटरावांचे जुने वेल्डर रफीकभाई त्यांच्या माणसांसह तिथंच तंबू ठोकून राहिले. एके दिवशी साहेब पाहणीला आले. तळ पाहायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"व्यंकटराव, हे काय आहे?"

"तोटी."

"कशाला?"

"म्हंजी? पानी काडायला."

"कुठलं पाणी?"

"आतलं."

"आणि बाहेरचं?"

व्यंकटराव वाकून बसले. प्रत्येक खणाच्या बुडाशी एकेक, अशा पितळी तोट्या एका ओळीत चमकत होत्या. नकाशात त्या नव्हत्या. कुणी सांगितल्याही नव्हत्या. पण आयुष्यभर टाकी केली की खाली तोटी बसवायची, हे त्यांच्या हातात इतकं मुरलं होतं की हातानं त्यांना न विचारताच ते काम उरकलं होतं. त्यांनी एक तोटी फिरवून पाहिली. मग म्हणाले, "हाव की."

रफीकभाई लांबून म्हणाले, "साब, पानी कू अंदर रखनेकी आदत है हमारेकू." साहेब हसले, मी हसले, आणि सगळ्यात शेवटी पण सगळ्यात जास्त वेळ व्यंकटराव हसले.

तोट्या कापून तोंडं बंद करायची असं ठरलं. पण व्यंकटराव म्हणाले, हायतच तर आधी पाणी भरून बघू, गळतंय का ते कळेल. मी सांगितलं की तराफ्याचे खण हवा भरून आणि जोडांना साबणाचं पाणी लावून तपासतात. "टाकी भरल्याबिगर कळतंय व्हय?" म्हणून त्यांनी पंप लावला आणि सगळे खण नदीच्या पाण्यानं भरले. एक थेंब गळाला नाही. दस्ती झटकून ते माझ्याकडे बघत राहिले.

आता पाणी सोडून द्या, मी म्हणाले. इथं खरी अडचण सुरू झाली. भरलेलं पाणी जमिनीवर सोडून द्यायचं ही गोष्ट व्यंकटरावांनी जन्मात केली नव्हती. काठाच्या वर एक वाडी होती. तिथल्या बाया वापरायच्या पाण्यासाठी रोज तो उतार उतरून चिखलापर्यंत जायच्या आणि भरल्या घागरी घेऊन चढायच्या. तराफा त्यांच्या वाटेवर, अर्ध्या उंचीवर उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर तोट्यांपुढं घागरींची रांग. व्यंकटराव खुर्ची टाकून बसलेले, आणि वाडीतल्या कोंडाबाई नावाच्या एक ठसकेबाज बाई 'ही तोटी बारीक चालतीय' अशी त्यांच्याकडं तक्रार करत होत्या.

खण रिकामे झाले की व्यंकटराव पंप लावून पुन्हा भरायचे. 'अजून एक डाव तपासून घेतो' म्हणायचे. साहेबांच्या कानावर गेलं. त्यांचा फोन आला, "तो तराफा आहे की पाणपोई?" मी फोन व्यंकटरावांच्या हातात दिला. "साहेब," ते म्हणाले, "पान्यावर चालायच्या आदी जरा पान्याची सवय करून घिऊलालाय त्यो." आमच्या तराफ्यानं नदीत पाऊल टाकण्याआधी वाडीला पाणी पाजलं, ही गोष्ट मी अजूनही नव्या इंजिनिअरांना सांगते. ते हसतात. मला ते दिवस फार जवळचे वाटतात.

मग मी हट्टानं माझी तपासणी केली. तोट्या कापल्या, तोंडं बंद केली, खणांत हवा भरली आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी फिरवलं. तळाच्या कोपऱ्यांत बुडबुडे आले. एका ठिकाणी नाही, बऱ्याच ठिकाणी; जिथून पाणी गळलं नव्हतं तिथून दाबानं हवा निसटत होती. टाकी आतून पक्की जोडली की झालं, ही दुसरी सवय. नकाशात बाहेरूनही सलग जोड दाखवला होता, तो त्यांच्या माणसांनी तुटक तुटक मारला होता. सगळा तळ खालून पुन्हा जोडायला हवा होता. मी हे सांगितलं तेव्हा ते भांडले नाहीत. बुडबुड्यांकडे पाहिलं, पेरानं टकटक केली, ऐकलं, आणि म्हणाले, "बराबर हाय तुजं, माय. पर पंचमी हुकती मग."

पंचमीचं मला तेव्हा कळलं.

समोरच्या काठावर त्यांची थोरली बहीण राहत होती. सगळे तिला अक्काच म्हणायचे. व्यंकटरावांचं मूळ गाव या दोन काठांच्या मध्ये होतं. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, आणि हे कुटुंब लातूरला गेलं. अक्काचं लग्न त्याआधीच पलीकडच्या गावी झालेलं. पूर्वी नागपंचमीला व्यंकटराव बैलगाडी घेऊन गावातून सरळ समोर जायचे आणि तिला माहेरी आणायचे. सासुरवाशिणीला न्यायला येणारा भाऊ म्हणजे मुराळी. लहानपणापासून अक्काचा मुराळी हेच. पाणी आलं आणि ती वाट गेली. त्यानंतरच्या पहिल्या पंचमीला ते एसटीनं, दोन तालुके फिरून मागच्या रस्त्यानं तिच्या दारात गेले. अक्कानं पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि यायला नकार दिला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"मनली, माजी वाट समोरून हाय. समोरून ये. तू पान्याला भितोस मनून मागल्या दारानं आलास, आन् मी चोरावानी मागून म्हायेरला यीऊ?"

ते खरं होतं. व्यंकटरावांना पाण्याची भीती वाटायची. लहानपणी बापानं पोहायला शिकवायला विहिरीत ढकललं, त्यात पोहणं आलं नाही आणि भीती आली. आयुष्यभर पाणी साठवणारा हा माणूस गुडघाभर पाण्यातही उतरत नसे. काठावर काम चालू असतानाही एका ठराविक दगडाच्या पुढं ते कधी गेले नाहीत. होडीत बसणं तर लांबच. त्यामुळं वर्षं गेली. लग्नकार्याला ते वळसा घालून अक्काकडे जात, ती बोले, हसे, वाढे. पण लातूरच्या घराचा उंबरा तिनं एकदाही ओलांडला नव्हता. आता तिचं वय झालं होतं. व्यंकटरावांना या तराफ्याचं काम का हवं होतं, ते मला एवढ्या दिवसांनी समजलं. त्यांना जीप घेऊन समोरून जायचं होतं.

अक्काची आमच्या कामावर नजर होती, तीही अगदी खरीखुरी. तिच्या अंगणातून आमच्या वेल्डिंगच्या ठिणग्या दिसायच्या. संध्याकाळी काम थांबलं की व्यंकटरावांचा मोबाइल वाजायचा. ते तो लांब धरून, सगळ्या काठाला ऐकू जाईल असं बोलायचे.

"व्यंकट, आज लवकर इझवलास?"

"रॉड संपले, अक्का."

"रॉड बी मोजून आनतोस का? आदीच जास्तीचे आनायचे की."

खात्याच्या कुठल्याही साहेबानं इतकी कडक तपासणी केली नाही. तळाचं काम निघालं तेव्हा सगळी माणसं तराफ्याच्या खाली, त्यामुळं ठिणग्या तिला दिसेनात. लागोपाठ फोन आले. "काम बंद पाडलास व्हय?" व्यंकटरावांनी तिला सांगितलं की चूक झाली, आता पंचमीला काही जमत नाही. मग ती म्हणाली, "मी कुटं म्हनलं की ह्याच पंचमीला?" आणि फोन ठेवला.

पंचमी आली आणि गेली. वाडीतल्या पोरींनी लिंबाला झोके बांधले, मेंदीच्या हातांनी कोंडाबाई आम्हाला पुरणाची दिंडं देऊन गेल्या. त्या आठवड्यापासून व्यंकटरावांनी पाण्याचं विचारणंच सोडलं. रफीकभाई मला हळूच म्हणाले, "मामूनं चार दिवस झाले पानीका पूछा नहीं." आम्हाला दोघांनाही करमेना.

वरच्या भागात पाऊस झाला, पाणी चढत चढत उताराच्या पायथ्याशी आलं आणि तराफा पाण्यात घालायची वेळ झाली. आमच्या साहेबांचं गाव अर्धापूरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. त्यांनी घड उतरवलेल्या केळीचे खांब ट्रॅक्टर भरून आणवले. ते उतारावर आडवे अंथरले, की वजनाखाली चेंगरून असे बुळबुळीत होतात की त्यांच्यावरून लोखंडही घसरतं. मी उताराचा हिशेब करून दिला, मागं दोरखंड बांधले, ते पकडायला ट्रॅक्टर उभे केले.

वाडीतल्या बाया ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या. नवी नाव पाण्यात जाते म्हणजे लेक सासरी जाते, तिची ओटी भरायला हवी, असं कोंडाबाईंचं म्हणणं. साहेबांच्या हातात नारळ होताच. व्यंकटराव पुढं झाले आणि दस्ती खांद्यावरून काढून झटकली. आता भांडण होणार हे मला कळलं.

"वटी बाईची भरत्यात," ते म्हणाले. "ही बाई न्हाई. ह्यो मुराळी हाय. मुराळ्याला टावेल-टोपी करत्यात."

कोंडाबाईंनी थोडा विचार केला. "मंग आदी सांगायचं की," म्हणाल्या. सोबतच्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून दिली. ती केबिनच्या दिव्यावर बसवली, कठड्याला टॉवेल बांधला, आणि त्यावर हळदीकुंकू लागलं. साहेबांनी नारळ फोडला. दोर सैल केले तसा तराफा केळीच्या खांबांवरून सरकू लागला, आधी अगदी हळू, मग एकदम. मोठी लाट उठली. तराफा डुलला, सावरला आणि टोपी घालून तरंगत उभा राहिला. लोक नाचायला लागले. व्यंकटराव त्यांच्या त्या ठराविक दगडावर उभे होते. त्यांनी फक्त मला विचारलं, "आत आलं का कुटं?" मी खाली उतरून प्रत्येक खण पाहिला. कोरडा. वर येऊन मान हलवली तेव्हा ते मटकन दगडावर बसले.

चाचण्या झाल्या, परवाना मिळाला. पहिली फेरी जीपची होती आणि जीप व्यंकटरावांची होती. काठावर धक्का बांधताना मी जुनी गाडीवाट निवडली होती. ती आमच्या बाजूनं पाण्यात शिरायची आणि समोर बरोबर त्याच रेषेत बाहेर यायची. वर्षानुवर्षं बैलगाड्यांनी दाबलेली जमीन, तिच्याइतका पक्का पाया आजूबाजूला नव्हता. मी ती मातीसाठी निवडली. व्यंकटरावांना ते वेगळंच वाटलं असावं, कारण धक्का आखला त्या दिवशी त्यांनी त्या वाटेवरचे दगड स्वतः वेचून बाजूला केले होते.

आमचा नियम होता की फेरीत गाडीत कुणी बसायचं नाही. "उतरा मामा," मी म्हणाले.

"हँडब्रेक कोन धरंल?"

"ओढलाय की तुम्ही."

"वडलेला बी धरावा लागतो, म्याडम."

काचा वर, हात ब्रेकवर, डोळे समोरच्या काचेतून सरळ पुढं. असे ते अख्खं पाणी ओलांडून गेले. ओठ हलत होते. कुठलं स्तोत्र होतं की अक्काला काय बोलायचं याची उजळणी होती, मला कळलं नाही.

अक्का काठावर उभी होती. लहानखुरी, वाकलेली, हिरवं नेसलेली, हातात पिशवी. जीप उंबऱ्यावरून खाली उतरली. व्यंकटराव बाहेर आले आणि तिच्या पाया पडले. पंचमी होऊन गेली, असं काहीसं पुटपुटले.

"तू समोरून आलास तीच पंचमी," अक्का म्हणाली. "चल. उगी इळ घालवू नकोस."

ती जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली. येताना मी नियमाचं नाव काढलं नाही. ढगाळ होतं, पाणी शांत होतं. फेरी निम्म्यावर आली तशी अक्कानं काच खाली केली, आमच्या बाजूच्या टेकडीवरचं मारुतीचं देऊळ पाहिलं, मागं वळून तिच्या काठावरची चिंच पाहिली.

"व्यंकट, थांबीव."

"कामून?"

"थांबीव म्हनलं की."

तराफ्याच्या चालकानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. इंजिनाचा आवाज खाली आला आणि तराफा आपल्या वजनानं संथ तरंगत राहिला.

अक्का म्हणाली, "म्हायेर आलं. बसून काय राहिलास? मुराळी दारातूनच माघारी जातो व्हय? उतर."

व्यंकटरावांचा हात ब्रेकवरच होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. मग हात सुटला. दार उघडून ते अंगणात उतरले, बॉनेटला धरत धरत पलीकडे गेले, आणि अक्काचा हात धरून तिला खाली घेतलं. दोघं म्हातारी भावंडं पाण्याच्या मधोमध तिथं उभी राहिली. मग व्यंकटराव खाली बसले. दस्ती गुडघ्याखाली घेतली आणि पेरानं पत्र्यावर टकटक केली. एरवी ते मान तिरकी करून ऐकायचे, पत्रा पातळ आहे का जाड ते. या वेळी तसं ऐकलं नाही. दार वाजवतात तसं वाजवलं.

"हाय का कुनी घरात?" अक्कानं विचारलं.

"हैत," ते मान वर न करता म्हणाले. "समदे हैत."

अक्कानं पिशवीतून मूठभर लाह्या काढल्या आणि कठड्यावरून पाण्यात सोडल्या. त्या बराच वेळ तिथंच तरंगत होत्या. मला रडू आलं. आमच्याबरोबर फेरीला आलेल्या रफीकभाईंनी तोंड फिरवलं.

"चल आता," अक्का म्हणाली. "लातूर लई लांब हाय."

पुढं माझी बदली झाली. व्यंकटरावांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, थोड्या वेळानं. जीप आमच्या काठावर उतरून चढ चढत होती आणि मी मागून चालत होते. वाडीच्या पहिल्या घराशी जीप थांबली. दारात कोंडाबाई रिकाम्या घागरीपाशी बसल्या होत्या. खिडकीतून पांढऱ्या बाहीचा हात बाहेर आला, आणि कितीतरी दिवसांनी तो खर्जातला आवाज मला ऐकू आला.

"पानी आलतं का?"

"तुमची टाकी गेली की नदीत," कोंडाबाई म्हणाल्या, "आता कुटलं पानी?"

जीपमध्ये अक्का मोठ्यानं हसली. व्यंकटरावांनी गाडी बंद केली, खाली उतरले, मागच्या सीटवरचा वाटेसाठी भरून घेतलेला कॅन काढला आणि कोंडाबाईंच्या घागरीत ओतला. स्वतःसाठी त्यांनी अर्धा पेला ठेवला, आणि तो अक्काला दिला.